जात्यावरची ओवी : कॅसेटपासून मोबाइलपर्यंत

आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा वाटेल. जुन्या आवाजाच्या फाइली नव्या प्रकारात कशा बदलायच्या, असा तो विषय. पण तो माझ्या घरात कसा आला ते आधी सांगते, म्हणजे मी का बोलतेय ते कळेल.

माझ्या सासूबाईंचा आवाज गोड होता. घरातल्या एका लग्नात हळद दळायला बायका जात्यावर बसल्या, तेव्हा पुतण्यानं बटणाच्या मोबाइलवर त्यांच्या ओव्या भरून घेतल्या. सासूबाई पुढं गात होत्या आणि आणखी एक बाई मागून ओढून धरत होती. पुढं तो मोबाइल बिघडला, पण त्यातलं मेमरी कार्ड आम्ही साखरेच्या डब्यावर चिकटवून जपून ठेवलं. सासूबाई गेल्या. वर्षश्राद्धाला ती ओवी सगळ्यांना ऐकवावी म्हणून कार्ड नव्या मोबाइलमध्ये घातलं, तर फाइल दिसते पण वाजत नाही. मग घरातल्या एका मुलानं इंटरनेटवरच्या कुठल्याशा फुकटच्या ठिकाणी ती चढवली, आणि दोन मिनिटांत वाजणारी फाइल हातात दिली. आम्ही सगळ्या रडलो. कौतुक केलं पोराचं.

पण दोन गोष्टी नंतर लक्षात आल्या. जागा वाचावी म्हणून त्यानं सगळ्यात लहान आकार निवडला होता, त्यामुळं मागच्या बाईचा आवाज जात्याच्या घरघरीत विरून गेला. आणि नवी फाइल वाजते म्हटल्यावर त्यानं कार्डावरची जुनी पुसून टाकली. ती मागं गाणारी बाई कोण होती, हे आज आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी ह्या गोष्टीची माहिती गोळा करायला लागले, आणि कळलं की ह्या विषयाचा मोठा इतिहास आपल्याच मुळशीत घडलाय. तो तुम्हांला सांगते.

सुरुवात थोडी लांबून करू. आपल्या देशात गाण्याच्या तबकड्या भरायला १९०२ साली सुरुवात झाली. ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग नावाचा माणूस यंत्र घेऊन कलकत्त्याला आला. तिथं गौहर जान ह्या गाजलेल्या गायिकेनं कर्ण्यासमोर गाणं म्हटलं. एका तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावायची. गाणं संपताना ती आपलं नाव मोठ्यानं सांगायची. कारण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीतल्या हानोव्हर गावात. तिथल्या कारागिरांना हा आवाज कुणाचा हे कळून चिठ्ठीवर बरोबर नाव यावं, म्हणून ही युक्ती. आवाजाबरोबर नाव गेलं पाहिजे, हे तेव्हाच कळलं होतं. एकशेवीस वर्षांनंतर आम्ही मात्र ते विसरलो.

ही यंत्रं शहरातल्या नामवंतांसाठी होती. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढाकारानं मुळशीचा सत्याग्रह झाला. शेतं बुडणार म्हणून आपल्या आज्या-पणज्या रस्त्यावर उतरल्या. त्या काळात घरोघरी पहाटे जातं फिरत होतं. जमीन जाणार, माहेरचं गाव पाण्याखाली जाणार, हे दुःख बायकांनी दुसरीकडं कुठं बोलायचं? ते जात्यालाच सांगायचं. पण तबकडीचं यंत्र काही डोंगर चढून त्या बायकांच्या दारात आलं नाही. आवाज पिठाबरोबर उडून गेला.

गरिबाच्या दारात यंत्र आलं ते कॅसेटच्या रूपानं. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली ती छोटी कॅसेट काढली. आपल्या खेड्यांत ती रुळायला पुढची वीस वर्षं गेली. मग भजनाच्या, भारुडाच्या, कीर्तनाच्या, लग्नाच्या कॅसेटी घरोघरी झाल्या. कोरी कॅसेट आणा, दोन बटणं एकदम दाबा, की आपला आवाज आत. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून किती जणींनी तोंडाला पदर लावला असेल!

आता आपल्या मुळशीची गोष्ट. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइटवँ ह्या दोघांनी आपल्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम उभं केलं. पॉइटवँना सगळे गीबाबा म्हणायचे. बैठकांना बायका येऊ लागल्या. भाषण करायला उभं राहा म्हटलं तर बायका लाजायच्या, पण ओवी म्हण म्हटलं की सासर, माहेर, भाऊ, लेक, सीता, पंढरी, गरिबी सगळं बाहेर पडायचं. ह्या दोघांनी ओळखलं, की बाईला बोलता येत नाही असं नाही. तिची बोलायची जागा वेगळी आहे. मग त्यांनी ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. आधी आपल्या भागातून, मग महाराष्ट्रभरातून. हे काम वर्षानुवर्षं चाललं. हजारांहून जास्त गावांतून एक लाख दहा हजारांवर ओव्या गोळा झाल्या.

जेव्हा त्या ओव्या गोळा होत होत्या, तेव्हा गावागावांत पिठाच्या गिरण्या येत होत्या. बाईचं कष्टाचं दळण सुटलं, हे चांगलंच झालं. पहाटे तीनला उठून पाच माणसांच्या भाकरीचं पीठ काढणं म्हणजे काय, हे जिनं काढलंय तिलाच ठाऊक. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबली, कारण ती गाण्यासाठी गायली जात नव्हती. दळता दळता यायची. म्हणून घाई होती.

आणि कागदावर शब्द उतरतो, चाल उतरत नाही. कुठं श्वास घेतला, कुठला शब्द ओढला, कुठं दोघींचा आवाज एकात मिसळला, हे वहीत कसं येणार? म्हणून १९९०च्या दशकात बेर्नार बेल हे संगीत आणि कॉम्प्युटर दोन्ही जाणणारे फ्रेंच संशोधक ह्या कामात आले, आणि आवाज भरायचं काम सुरू झालं. मुळशीतल्या नांदगावात, कोळवड्याच्या खडकवाडीत, आणि मराठवाड्यातही बायकांच्या ओव्या भरून घेतल्या गेल्या. नांदगावच्या कुसुम सोनवणे, खडकवाडीच्या तारा उभे ह्या आपल्याच भागातल्या गायिका त्यात आहेत. एकूण एकशेवीस तासांहून जास्त आवाज गोळा झाला.

हा आवाज साध्या कॅसेटवर नव्हता. तो ‘डॅट’ नावाच्या फितीवर होता. सोनी कंपनीनं १९८७ साली ही फीत काढली. दिसायला आपल्या कॅसेटपेक्षाही छोटी, पण आतला आवाज आकड्यांच्या रूपात असायचा. म्हणजे काय, तर यंत्र एका सेकंदात अठ्ठेचाळीस हजार वेळा आवाजाचं माप घेतं आणि ते आकडे फितीवर लिहून ठेवतं. वाजवताना त्याच आकड्यांवरून पुन्हा आवाज बनतो. आपल्या कॅसेटची कॉपी केली की खरखर वाढते, कॉपीची कॉपी केली की आणखी वाढते. आकड्यांची कॉपी मात्र हुबेहूब होते. त्या काळी ह्याहून चांगली सोय क्वचितच होती.

पण मैत्रिणींनो, सोय कितीही चांगली असली तरी ती वाजवणारं यंत्र लागतंच. २००५ साली सोनीनं डॅटची यंत्रं बनवणं बंद केलं. म्हणजे ज्या फितीवर आपल्या बायकांचा आवाज सगळ्यात चांगला भरला होता, ती वाजवणारी यंत्रंच दहा वर्षांत बाजारातून निघाली. धान्याचं कोठार भरलेलं आहे, पण कुलपाची किल्ली बनवणारा गाव सोडून गेला, अशी ही गत.

ह्या कामातल्या माणसांनी ती वेळ ओळखली. ह्या ध्वनिफिती अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत-संग्रहाकडं सोपवल्या गेल्या. हा संग्रह आज दिल्लीजवळ गुडगावात आहे, पण त्याची सुरुवात १९८२ साली आपल्या पुण्यातच झाली होती. फितींवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवला गेला. एकशेवीस तासांचा आवाज उतरवायचा म्हणजे एकशेवीस तास तो वाजवावाच लागतो. फीत पळवून चालत नाही. गीबाबा २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. पुढं पी. साईनाथ ह्यांच्या ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहानं हा ठेवा हाती घेतला, आणि २०१७ पासून नमिता वाईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ओव्या आवाजासकट लोकांसमोर आणायला सुरुवात केली. हेमाताईंच्या वेळचे जुने सोबतीही त्यात आहेत. ते पुन्हा त्याच गावांत गेले, त्याच बायकांना भेटले. ज्या बाईनं तरुणपणी गायलेलं होतं, तिनं म्हातारपणी मोबाइलवर स्वतःचा तो आवाज ऐकावा, हे केवढं!

आणि तिथं प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव आहे. गाव, तालुका, जिल्हा, वय, काम, कधी भरली ती तारीख, सगळं आहे. ओव्या म्हटल्या की आपण ‘लोकगीत’ म्हणून मोकळे होतो, जणू त्या कुणीच गायल्या नाहीत. इथं तसं झालं नाही.

आता आपल्या घरातल्या फाइलींकडं येते. हा एकशेवीस तासांचा ठेवा पुऱ्या आकारात ठेवायचा तर साधारण ऐंशी जीबी जागा लागते. तेव्हा कॉम्प्युटरला ते जड होतं, आज नखाएवढ्या कार्डात मावतं. पण आपल्या बटणाच्या मोबाइलकडं तेवढी जागा कुठली? म्हणून त्यात आवाज ‘एएमआर’ नावाच्या प्रकारात भरला जायचा. हा प्रकार फोनवर बोलण्यासाठी बनवलेला. सेकंदाला फक्त आठ हजार मापं, आणि बोलण्यापुरतं तेवढंच ठेवायचं. एक मिनिटाचा आवाज शंभर केबीच्या आत मावतो. म्हणून सासूबाईंची ओवी त्या फुटक्या मोबाइलमध्ये भरता आली, पण मुळातच ती जरा चिमटलेली होती. काही नव्या मोबाइलना हा प्रकार कळत नाही, म्हणून फाइल दिसते पण वाजत नाही. कित्येक जणींना वाटतं फाइल खराब झाली, आणि त्या पुसून टाकतात. खराब झालेली नसते, बायांनो. भाषा परकी झालेली असते.

‘एमपीथ्री’ तुम्हांला माहीत आहे. हा प्रकार जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी मुख्यत्वे घडवला. १९९५ साली फाइलीच्या नावामागं ती तीन अक्षरं लावायचं ठरलं. ह्याची युक्ती अशी, की मोठ्या आवाजाखाली दबलेले जे बारीक आवाज माणसाच्या कानाला सहसा कळत नाहीत, ते काढून टाकायचे. त्यामुळं जो आवाज ‘वेव्ह’ प्रकारात मिनिटाला दहा एमबी जागा घेतो, तो एमपीथ्रीत एका एमबीत बसतो. ऐकायला, पाठवायला उत्तम. पण जे काढलं ते गेलं.

आपल्या भाषेत सांगते. वेव्ह म्हणजे दाणे. एमपीथ्री म्हणजे पीठ. पीठ लगेच कामाला येतं, पण पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. एमपीथ्री फाइल पुन्हा वेव्हमध्ये बदलली तर ती नुसती फुगते. गेलेला आवाज परत येत नाही. आणि पीठ पुन्हा पुन्हा दळलं, म्हणजे ह्या लहान प्रकारातून त्या लहान प्रकारात, तिथून आणखी लहान, असं करत गेलं, की दर खेपेला काहीतरी उडतं. आमच्या घरी तेच झालं. चिमटलेला आवाज आणखी चिमटला, आणि मागची बाई गेली.

आणखी एक गंमत. काही मुलं फाइलीच्या नावातलं ‘एएमआर’ खोडून तिथं ‘एमपीथ्री’ लिहितात आणि म्हणतात बदलली. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून नाचणीचे तांदूळ होतात का?

मग इंटरनेटवरची ती फुकट सोय काय करते? ती गिरणीच आहे. आपण आपली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पाठवतो, तिथं ती बदलली जाते, आणि आपण नवी उतरवून घेतो. गिरणी वाईट नाही. पण गिरणीत जाताना आपण काय करतो? डब्यावर नाव घालतो. दळून होईपर्यंत लक्ष ठेवतो. सगळं धान्य एकदम देत नाही, थोडं घरी ठेवतो. पीठ घरी आल्यावर चिमूट तोंडात टाकून कणी आहे का बघतो. तीच शिस्त इथं हवी.

आणि एक फरक लक्षात ठेवा. गिरणीवाला आपल्या ओळखीचा असतो, ही गिरणी कुणाची, कुठल्या देशात, आपली फाइल किती दिवस ठेवणार, हे बहुतेक वेळा आपल्याला माहीत नसतं. जात्यावर बाईनं सासूचा जाच गायलेला असतो, नवऱ्याचा मार गायलेला असतो, घरातलं दुखणं गायलेलं असतं. ते जात्याला सांगितलेलं होतं, जगाला नाही. अशी ओवी अनोळखी ठिकाणी चढवण्याआधी तिला विचारा. ती नसेल तर तिच्या लेकीला विचारा. शक्य असेल तर इंटरनेटवर पाठवूच नका. शाळेतल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी किंवा व्हीएलसी नावाची फुकट मिळणारी सोय बसवून घेता येते. बहुतेक जुने प्रकार त्यात बदलता येतात, आणि फाइल गावाबाहेर जात नाही. एखाद्या प्रकाराला जास्तीचा भाग बसवावा लागतो, तेवढं कॉलेजातली पोरं पोरी करून देतात.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत आपण एवढं करू शकतो. प्रत्येकीनं घरात शोधायचं : कपाटावर, पेटीत, जुन्या मोबाइलमध्ये. कॅसेट असेल तर ती आधी. आपल्याकडच्या पावसात फितीला बुरशी धरते, म्हणून पांढरे डाग दिसले तर घरच्या टेपमध्ये घालू नका, जाणकाराला दाखवा. कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरवर घेताना वेव्हमध्ये घ्या, आणि ऐकायला त्याची वेगळी एमपीथ्री करा. मोबाइलमधली फाइल असेल तर आधी तिची जशीच्या तशी कॉपी दोन ठिकाणी ठेवा, एक आपल्या घरी, एक दुसरीच्या घरी. मगच बदलायला घ्या. बदलल्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, मधे तुटलं नाही ना, शेवट कापला गेला नाही ना. आणि जुनी कधीही पुसू नका. आज आपल्याला जे काढता येत नाही, ते उद्याच्या पोरींना काढता येईल.

सगळ्यात महत्त्वाचं, फाइलीला नाव द्या. ‘रेकॉर्डिंग शून्य शून्य सात’ हे नाव नव्हे. कोण गातंय, मागं कोण धरतंय, माहेर कुठलं, सासर कुठलं, काय प्रसंग, कुठलं साल. वहीतही लिहा, कारण वहीला चार्जिंग लागत नाही. नवी ओवी भरताना गौहर जानसारखं करा : गाऊन झालं की बाईनं स्वतःचं नाव आणि गाव मोठ्यानं सांगायचं. मग फाइलीचं नाव कुणी बदललं, कार्ड कुणाच्या हाती गेलं, तरी आवाजातच नाव राहील.

आमच्या घरातली ती मागची बाई सापडली नाही अजून. लग्नाला आलेल्या तिघींना ती फाइल ऐकवली. एक म्हणाली ताम्हिणीकडची पाहुणी असेल, एक म्हणाली आपल्याच आळीतली. तिसरी बराच वेळ मोबाइल कानाशी धरून बसली, आणि म्हणाली, ‘आवाज ओळखीचा आहे गं, पण फार लांबून येतोय.’ तुमच्यापैकी कुणी त्या काळात आमच्याकडं हळदीला जात्यावर बसली असेल, तर मला सांगा. मला तिचं नाव लिहायचं आहे.

येते मी. नमस्कार.